दत्तूमामाचे ससे आणि तेराव्याची भांडी

माणूस गेला की त्याच्या वाडग्यालाही सुतक लागतं का? मला खरंच विचारायचंय, कारण गेले दोन महिने याच प्रश्नावरून मी आमच्या नातेवाइकांशी भांडते आहे.

दत्तूमामा गेला तेव्हा मी सातपूरला एका कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटत होते. मामेभाऊ प्रशांतचा फोन आला, "ताई, बाबा गेले…" उरलेली पत्रकं पिशवीत कोंबून मी निघाले. याच औद्योगिक वसाहतीत मामाने आयुष्यभर नोकरी केली. कंपनीने त्याला प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं, तेव्हा बरोबरचे कॅमेरे घेऊन आले आणि हा जुन्या बाजारातून चिनीमातीचे वाडगे घेऊन आला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे, पांढऱ्यावर निळ्या रंगात रंगवलेले. लाटांवरून पळणारे ससे, करकोचे, मासे, कासवं… नंतर जमवतच गेला.

मला राग यायचा. "लोकांना कामावरून काढतायत आणि तू ससे पुसत बसलायस!"

"बरं पुढारी, नाही पुसत. घेतील का मग परत कामावर?" असं म्हणून त्याच सशांच्या वाडग्यात तो मला उसळ वाढायचा. आल्यागेल्याला त्यातच जेवावं लागे. "हे राजाचं नाही गं, तिकडच्या शेवया खाणाऱ्या साध्या माणसाचं भांडं आहे. काचेत ठेवलं की मेलं." एवढ्या एका मुद्द्यावर आमचं पटायचं. पण आपल्यामागे यांचं काय करायचं, हे या गृहस्थाने कधी धड सांगितलं नाही. विचारलं की आणखी एक डाव वाढायचा.

आमच्याकडे तेराव्याला गेलेल्याचं नाव घातलेलं भांडं वाटतात. प्रशांतने हिशोबी डोकं चालवलं, "स्टीलचे डबे कशाला? घरात एवढी भांडी पडलीत." मला कळेपर्यंत तो सगळं घेऊन नाव घालणाऱ्याकडे पोचलाही होता. पहिल्याच अक्षराला करकोच्याच्या वाडग्याचे दोन तुकडे झाले. त्यावर हा म्हणतो काय, "जपानी म्हणे! चायना माल निघाला." मग उरलेल्यांच्या बुडाला ऑइलपेंटने 'कै. दत्तात्रय यांच्या स्मरणार्थ' लिहिलं आणि वाटून मोकळा झाला.

मी सगळे वाडगे गोळा करून एखाद्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. काचेत तर काचेत, निदान एकत्र राहतील. सातपूरच्या मंदामावशीने सशांचा वाडगा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला होता. "मयताच्या नावाचं भांडं, त्यात कसं जेवायचं?"

"आणि मागच्या वर्षीच्या तेराव्याचा स्टीलचा डबा?"

"त्यात डाळ आहे. स्टीलला चालतं."

विंचूरच्या चुलतमामांकडे कासव शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या गुलाबांशेजारी, कुलपात. किल्ली सापडत नव्हती!

शेवटी सायखेड्याला गेले, मामाच्या थोरल्या बहिणीकडे, जिजीकडे. तिने वाडग्यात दही लावलं होतं. तळाला मासा रंगवलेला. मी संग्रहालयाचं सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि चमचा माझ्या हातात दिला.

"खा. मासा दिसंपर्यंत थांबायचं नाय, असं दत्तू म्हनायचा."

"जिजी, अगं जुना आहे तो. फुटेल."

"फुटंल मंग. तू नेला तर मी दही कशात लावू?"

मी खाल्लं. मासा दिसला, निळा, शेपटी वळवलेला… जिजी तिच्या भावासारखीच दुसऱ्यांदा वाढायला उठली. संग्रहालयाचा विषय मी तिथेच सोडून दिला.

म्हणून तेराव्याला आमच्याकडून वाडगा नेलेल्या सर्वांना, आणि कुणा गेलेल्या माणसाचं आवडतं भांडं गुंडाळून ठेवलेल्या प्रत्येकाला, हात जोडून सांगते. आज ते बाहेर काढा. धुवा. घरी जो कोणी येईल त्याला त्यातच वाढा. फुटलं तर फुटू द्या.