पिवळी किनार

"५ जुलै, शनिवार. सहाव्या कुंडीतही कोंब वर आला. तोही नुसता हिरवा. किनार नाही."

एवढं वहीत लिहून बाई पुन्हा कुंडीपाशी गेल्या आणि चष्मा पुसून वाकल्या. पस्तीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काढलेली त्यांची नजर सुताएवढा फरकही पकडायची. पण किनार नव्हतीच.

झाड होतं पिवळ्या किनारीचा स्नेक प्लांट, नवऱ्यानं आणलेला. तो गेला आणि दोघी मुलींना 'बाबांचं झाड' हवं झालं. थोरली म्हणायची, "मोठी मी." धाकटी म्हणायची, "पाणी घालायला बरी मी होते, ताई." शेवटी दोघींचं बोलणंच बंद झालं.

फेब्रुवारीत बाईंनी पट्टी घेतली. पानांचे चार-चार बोटांचे तुकडे कापले, उलटे लागू नयेत म्हणून वरच्या टोकाला पेन्सिलीची खूण केली आणि सहा कुंड्यांत लावले. दोघींना तीन-तीन. उरला मुळांचा गड्डा. तो एकीलाच जाणार, म्हणजे पुन्हा भांडण. कचऱ्याच्या गाडीत टाकला.

आज त्या एक कुंडी घेऊन नर्सरीत गेल्या.

माळी म्हणाला, "पानाच्या तुकड्यातून किनार येत नाही, मावशी. हिरवंच येणार. किनार हवी तर गड्डा फोडून लावायचा. कुठंय गड्डा?"

"टाकला."

"सगळा?"

त्यांनी मान हलवली. माळ्यानं बसायला स्टूल पुढे केलं. बाई बसल्या. कोणी चोरलं नव्हतं, कीड लागली नव्हती. आपल्याच हातांनी, पट्टीनं मोजून झाड संपवलं होतं.

दुपारी मुली आल्या. बाईंनी सगळं खरं सांगितलं. थोरलीनं एक कुंडी उचलून उजेडात धरली.

"हे बाबांचं नाही वाटत, आई."

"त्याच पानांचं आहे गं."

"असेल. ताईलाच दे सगळ्या," धाकटी म्हणाली.

"मला कशाला? पाणी तू घालायचीस ना?"

बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. पाच महिने ज्याच्यासाठी एकमेकींचं तोंड बघितलं नाही, ते आता कोणालाच नको होतं. दोघी चहा पिऊन एकाच रिक्षानं गेल्या.

संध्याकाळी बाईंनी वही उघडून खाली आणखी एक ओळ लिहिली: "सहाही कुंड्या घरीच. त्या मांडल्यानं ओट्याजवळची खिडकी आता अर्धीच उघडते."