भिंतीवर एकटी लावलेली पोर

मी दुबईत चित्रं टांगायचो. काढायचो नाही, टांगायचो. गावाकडे बायकोने सांगून ठेवलं होतं, आमचे हे चित्रकलेच्या लाइनीत आहेत. शाळेत मी आंबा काढला होता, तेव्हा गुरुजींनी विचारलेलं, हा कुठला किडा रे? पुढे शाळाच सुटली, चित्रकलेचं भलं झालं.

तिथल्या बर दुबई भागात एका फ्रेमच्या दुकानात कामाला होतो. रूमवर, दुकानात सगळ्यांना हसवायचो. हसत नव्हती ती एकटी माझी मुलगी. शुक्रवारी गावातल्या शेजाऱ्यांच्या फोनवर तिला बोलवायचो, आठवडाभर जमवलेले जोक सांगायचो. ती म्हणायची, "बरी आहे. आईला देते." तिने माझ्याशी दोन मिनिटं बोलावं, एवढंच हवं होतं मला.

एकदा एका हॉलमध्ये जपानी चित्रांचं प्रदर्शन लागलं. जुनी नाहीत, आत्ताच्या चित्रकारांची. मला वाटलं डोंगर असतील, बगळे असतील. खोकी उघडली तर सगळी पोरं! एक मुलगा जेवणाच्या टेबलाशी, बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. एक पोरगी छत्री घेऊन मोकळ्या मैदानात. आणि एक जमिनीवर बसलेली, एकाच पायात मोजा, मान वळवून कुणाकडे तरी रागाने बघतेय. मागे काही नाही, नुसता पांढरा रंग.

मी मल्याळी फोरमनला म्हटलं, "साब, ये आधा पेंटिंग है. बाकी घरवाले दूसरे डब्बे में होंगे."

"तू लगा ना, यल्ला, जल्दी!" म्हणून तो जेवायला गेला.

मी माझ्या अकलेने लावली. मोजेवालीच्या एका बाजूला टेबलाजवळचा मुलगा, दुसरीकडे छत्रीवाली. तिघं जवळजवळ, एकमेकांकडे बघतील अशी. आमच्याकडे भिंतीवर एकट्याचा फोटो लावला की लोक हाराला खिळा कुठे ते शोधतात. जिवंत पोरांना असं कोण लावेल?

प्रदर्शनाच्या जपानी मॅडम आल्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग फोरमनशी इंग्लिशमध्ये बोलल्या.

"मॅडम बोलती है, ये लड़की अकेली रहेगी. पूरा दीवार उसका."

"अकेली डर जाएगी साब."

मेल्याने ते पण मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तुला मुलं आहेत का, विचारलं.

"एक लड़की. चार साल की."

फोरमन ओरडला, "अरे हबीबी, पिछले साल भी चार की थी! उसके पहले भी चार!"

सगळ्यात जोरात मीच हसलो. मग हात खिशात घालून बोटं मोजली. सुट्टीवरून परत आलो तेव्हा ती चार वर्षांची होती. नंतरची सुट्टी मी पुढे ढकलली, मग परत ढकलली. गावी तिला सातवं लागलेलं, आणि मी इथे तिला चारवरच ठेवून दिलेली.

स्क्रू काढले. अख्ख्या भिंतीवर मोजेवालीला एकटीला लावलं. आता बघितलं तर ती कुणावर रागावलीय ते लगेच कळत होतं. समोर मीच उभा होतो.

शुक्रवारी फोनवर जोक सांगितला नाही.

"बाय, इथे चित्रात एक मुलगी आहे. रुसलीय."

"का?"

"माहीत नाही गं."

"केवढी आहे?"

"तुझ्याएवढी असेल. तू केवढी झालीस?"

"तुम्हाला माहीत नाही?"

मला एक जोक सुचला होता. गिळला. "नाही," म्हटलं.

मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "पुढचे दोन दात पडले. एक आलाय. मी दुसरीत आहे. डाव्या हाताने लिहिते म्हणून बाई ओरडतात. विहिरीजवळ मांजर व्यालीय, तीन पिल्लं. बाबा, तुम्ही कधी येणार?"

नेहमी मी इन्शाल्ला म्हणून उडवून लावायचो.

"उद्या विचारतो साहेबांना."

"विचारून मला सांगा. आईला नको," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोरमनच्या टेबलापुढे उभा राहिलो. त्याने मान वर करून विचारलं, "बोल, आज का जोक क्या है?"

"साब, छुट्टी चाहिए. घर जाना है."

तो हसायला लागला. त्याचं हसून होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.