चार नंबरचा कापूर

बायकोला अग्नी द्यायच्या वेळी मी हसलो. खोटं कशाला सांगू, चांगला मोठ्यानं हसलो. गावात अजून तीच चर्चा चालू आहे. कोण म्हणतं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, कोण म्हणतं जन्माचा जाच सुटला म्हणून हसला. दोन्ही खोटं. का हसलो ते लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण ती गेल्यापासून वेळच वेळ आहे.

मी गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोपा गावचा. आता तिथं विमानं उतरतात. तेव्हा त्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आमची गुरं चरायची आणि वारा असा सुटायचा की डोक्यावरची टोपी सांभाळावी की गाय, असा प्रश्न पडायचा. गुरांत मन रमेना म्हणून डिचोलीला एका लहान कारखान्यात रोजावर लागलो. शिमिटाच्या जमिनीला लावायचं लाल पालिश, दाराखिडक्यांचं व्हार्निस, पितळ घासायचं पातळ औषध, असल्या घरगुती वस्तू तिथं व्हायच्या. मी खोकी उचलायचो. डब्यांना झाकणं लावून ते खोक्यात भरायला मुली होत्या, कोण कोल्हापूरकडची, कोण बेळगावची, कोण इथली. त्यात एक शिरगावची. तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. मी लागलो आणि जन्माचा अडकलो.

आमचं दोघांचं ठरलं. तिचा बापूस ठरवायचा राहिला होता. तो लईराई देवीचा धोंड. शिरगावच्या जत्रेला व्रत धरून, हातात वेताची काठी घेऊन जे पेटत्या निखाऱ्यांवरून चालत जातात, त्यांतला. मामाला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्यानं पाणी दिलं, गूळ दिला आणि सरळ विचारलं,

"कायम आहेस?"

"नाही. रोजावर."

"मग कायम झालास की ये. चाय तेव्हा देतो."

मामा परतीच्या वाटेवर म्हणाला, "माणूस वायट नाय रे, पण चाय तरी द्यायची होती."

गोवा राज्य झालं त्याच्या मागच्या-पुढच्या दिवसांतली ही गोष्ट. कोकणी की मराठी, यावरून जिथं तिथं वाद. आमच्या कारखान्यातही दोघे या भाषेवरून एकमेकांची गळपट्टी धरायचे. मराठीवाला आणि कोकणीवाला. दोघे शिव्या मात्र कोकणीतच द्यायचे, त्यामुळे ऐकणाऱ्याची काही अडचण होत नसे.

एक दिवस मालक नाचतच आला. आखातातल्या कोणा व्यापाऱ्यानं आमचं पालिश मागवलं होतं. मुरगाव बंदरातून आगबोटीनं पाठवायचं. मालकानं मला बोलावलं. "पेटणारा माल भरायला एक जाणता माणूस लागतो म्हणतात. तू शीक. पहिला माल बिनतक्रार चढला तर तुला कायम करतो. परत आला तर धंदाही गेला आणि तूही."

एवढंच. म्हणजे माझं लग्न त्या खोक्यांत भरायचं होतं.

शिकवायला मालकानं सासष्टीतला एक म्हातारा तारवटी आणला. जन्मभर बोटीवर काम केलेला किरिस्तांव माणूस. एका बाजूची भिवई त्याला नव्हतीच. मालक त्याला म्हणाला, "ह्या घरातल्याच वस्तू हो. घराघरांत असतात. ह्यात धोका कसला?"

तारवटी म्हणाला, "पात्रांव, घराघरांत चूलही असते. ती बोटीवर बांधून न्याल?" आणि नसलेल्या भिवईवर बोट ठेवलं. "ही व्हार्निसच्या एका डब्यानं नेली. कोणीतरी सामानात घरगुती म्हणूनच ठेवला होता."

मालकानं मला त्याच्या हवाली केलं.

तारवट्यानं मला पहिली गोष्ट सांगितली ती मी मरेपर्यंत विसरायचा नाही. "आयक रे. पातळ पेटत नाही. त्याची वाफ पेटते. डबा गप्प बसलेला दिसतो, पण त्याचा श्वास बाहेर हिंडत असतो." एका लहान कपात तो माल घालायचा, कप कोमट पाण्यात ठेवायचा, थर्मामीटर सोडायचा आणि वरून बारीक वात फिरवायची. भप् झालं की आकडा बघायचा. जितक्या कमी उष्णतेला भप्, तितका माल चावरा. पहिल्या खेपेला मी दचकून मागच्या पिंपावर बसलो, आणि पलीकडून मुलींचं हसणं ऐकू आलं. सगळ्यांत वरचा आवाज कोणाचा ते सांगायला नको.

मग नंबर. पेटणारं पातळ असेल तर तीन नंबर, त्याला लाल चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला, आत ज्वाळ. पेटणारं घट्ट असेल तर चार नंबर, त्याला लाल-पांढरे पट्टे, बँडवाल्याच्या सदऱ्यासारखे. फवारा मारायचा डबा दोन नंबरात. मी म्हटलं, आपलं लाल पालिश घट्ट, म्हणजे चार. तारवटी म्हणाला, "कपात घाल, मग बोल." घातलं. ऊन लागल्याबरोबर ते सुटून पातळ झालं आणि आतलं टर्पेंटाइन भप् करून उठलं. तीन. डोळ्यांना दिसतं त्यावर नंबर द्यायचा नाही, हे तेव्हा कळलं. आणि शेवटचा नियम. खोक्यावर जे लिहिलंय तेच आत पाहिजे. न सांगितलेली एक वस्तू बंदरावरच्या साहेबाला सापडली की सगळा माल माघारी.

दुपारच्या सुट्टीत ती माझी परीक्षा घ्यायची.

"नखाचं पालिश?"

"तीन."

"कापूर?"

"चार."

"काडेपेटी?"

"चार."

"माझो बापूस?"

"त्याला नंबर नाही. तो पेटत नाही."

ती एवढी हसली की तिच्या डब्यातला भात सांडला. मग मला म्हणाली, "पेडणेकारा, पास झाल्याबगर तोंड दाखवू नको."

माल जायचा दिवस उजाडला. टेंपोला हार घातला, मालकानं नारळ फोडला, मुलींनी ओवाळलं. मी आणि तारवटी पुढं ड्रायव्हरशेजारी चढलो. ती खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "भिऊ नको. देवीला सोबत धाडलंय." मला वाटलं, आशीर्वाद दिला. छाती फुगवून बसलो.

उसगावला ड्रायव्हरनं चहाला टेंपो थांबवला. आम्ही पातळभाजी-पाव खात होतो. तेवढ्यात खाणीच्या ट्रकांच्या धुळीतून एक पायलट, म्हणजे आमच्याकडची भाड्याची मोटरसायकल, भन्नाट येऊन थांबली. मागं एक बाई बसलेली. डोक्यापासून पायापर्यंत लाल. आमच्याच पालिशचा डबा कोणी अंगावर ओतावा तशी. डोळे पुसले तेव्हा ओळखलं.

"खोकी उघड," ती म्हणाली.

"काय झालं गो?"

"ओवाळलेलं ताट आवरताना काडेपेटी सापडेना. मग आठवलं. खोक्यात घातली."

आमच्यात घरातून पहिल्यांदा कोणी लांब निघालं की त्याच्या सामानात देवाची पुडी ठेवतात. माणूस असो, नवी गाडी असो, लग्नाचं रुखवत असो. पुडीत फूल, कुंकू, कापूर. तिनं वर काडेपेटीही घातली होती. का, तर परक्या मुलखात देवाला कापूर लावायला काडी कुठं मिळायची! माझी परीक्षा घेणारी ही. कापूर चार, काडेपेटी चार, स्वतःच्या तोंडानं रोज विचारायची. पण पुडी बांधताना तिला तो माल वाटलाच नाही. देव वाटला.

मी हातातला पाव टाकून टेंपोकडं धावलो. तारवटी मात्र शांत. "कुठलं खोकं?"

"खाली हळदीचा टिपका लावलाय."

आम्ही खोकी उतरवून आंब्याच्या सावलीत ठेवली. उलटी केली. प्रत्येकाला टिपका. पहिलं उघडलं तर पुडी होती, पण तिची नव्हती. तीत भंडारा आणि कापूर. "ही कोल्हापूरवालीची," ती म्हणाली. दुसऱ्यात आणखी एक. तिसऱ्यात उदबत्त्या. प्रत्येकीनं आपापला देव गुपचूप चढवला होता आणि एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं! आंब्याखाली ढीग झाला. चहावाला हात जोडून उभा राहिला, त्याला वाटलं इथं काही स्थापन होतंय.

"आता सगळी बघायला हवीत," मी म्हणालो. मला रडू यायचं बाकी होतं. बंदरावरचा साहेब संध्याकाळी उठून गेला असता तर बोट आमच्यासाठी थांबणार नव्हती.

तिनं पिशवीतून चिकटपट्टीचं मोठं रीळ काढलं. कारखान्यातून उचलून आणलं होतं. "रडायचं नंतर. तू काढ, मी भरतंय." पदर खोचून ती मातीत बसली. मी उघडायचो, तारवटी चाचपायचा, ती डबे होते तसे बसवून पट्टी मारायची. हात असे चालत होते की ड्रायव्हर आणि पायलटवालाही बिडी विझवून कामाला लागले. एका खोक्यातून तारवट्यानं काहीतरी काढलं आणि पटकन खिशात घालायला गेला. तिनं मनगट धरलं.

"दाखव, अंकल."

मेणबत्तीचा तुकडा. त्याच्या गावच्या इगर्जीतला, म्हणजे चर्चमधला.

"मेणबत्तीला नंबर नाही हां," तारवटी म्हणाला. "मी बघितलंय."

"पण कागदावर लिहिलीय?"

म्हातारा लाजला. मग आम्ही सगळेच जे हसलो, ते पोट धरून. मालकाचा धंदा, माझी नोकरी, आमचं लग्न, सगळं त्या आंब्याखाली उघडं पडलं होतं आणि आम्ही हसत होतो. एवढा आनंद मला लग्नातही झाला नाही. लग्नात बूट चावत होते.

तिची पुडी, काडेपेटीसकट, शेवटच्या खोक्यात सापडली. सगळ्या पुड्यांचं गाठोडं घेऊन ती त्याच पायलटवरून परत गेली. आम्ही मुरगावला पोचलो तेव्हा साहेब कपाटाला कुलूप घालत होता. तोंड वाकडं करून आला. चौकोन बघितले, नंबर बघितले, एक खोकं उघडायला लावलं. हात आत घातला, डबा हलवला, वास घेतला. आणि दोन बोटांत धरून एक झेंडूचं फूल वर काढलं. त्यानं फुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, फूल आपल्या शाईच्या दौतीशेजारी ठेवलं आणि शिक्का मारला.

बोट गेली. माल पोचला. मालकानं शब्द पाळला.

मी परत शिरगावला गेलो, ह्या खेपेला एकटा. तिच्या बापसानं चहा ठेवायला सांगितला. पण त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. मुलगी परक्या माणसाच्या मागं पायलटवर बसून धुळीत हिंडली, हे कोणी बापसाला सांगितल्याशिवाय राहतं? त्यानं विचारलं,

"इंगळावरून चालशील?"

"नाही," मी म्हणालो. "माझं काम आग लांब ठेवायचं."

आतून पेला पडल्याचा आवाज आला. तिला वाटलं, झालं, घालवलं ह्यानं. पण बापूस हसला. "बरं मग. घरात एक चालणारो आहे. एक लांब ठेवणारो असू दे."

त्या दिवसापासून तिनं आमच्या घरात कापूर आणि काडेपेटी एका जागी ठेवली नाही. देव्हाऱ्यात कापूर, काडेपेटी चुलीकडच्या कोनाड्यात, रॉकेल पडवीत. सुना आल्या, त्यांना ह्याचं हसू यायचं. एकदा थोरलीनं दोन्ही एका डबीत ठेवलं तर ही ओरडली, "कोणता नंबर गो तो?" सून घाबरली. मी बाहेर बसून हसत होतो. कोणाला काही सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं होतं.

तर स्मशानातली गोष्ट. ती लाकडांवर निजलेली. मुलाच्या हातून काम होईना, म्हणून शेजाऱ्यानं माझ्यापुढं एक प्लास्टिकची पिशवी धरली. कापूर, काडेपेटी आणि रॉकेलची बाटली, सगळं एकत्र कोंबलेलं. मी आत बघितलं आणि तिचा आवाज ऐकला. अगदी थोरलीवर ओरडली होती तसाच. हसू आवरेना.

मग तिच्या मनासारखं केलं. बाटली लांब आवळीच्या झाडाखाली ठेवायला सांगितली. कापूर डाव्या खिशात घातला, काडेपेटी उजव्या. असा तिच्यापर्यंत चालत गेलो. आणि तिच्या पायांशी पोचल्यावर दोन्ही बाहेर काढली.