वाचायचं राहिलेलं कलम

कुटुंब न्यायालयाच्या फाटकासमोर पत्र्याखाली तिचं टेबल आहे. संगणक, प्रिंटर, कागदांवर ठेवायला एक दगड. घटस्फोटाचा अर्ज वीस मिनिटांत देते, म्हणून वकील तिला फटाफटबाई म्हणतात. मी ताई म्हणतो. साहित्यात पदवी घेऊन मी शेजारच्या टेबलावर लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहितो.

तिची रीत सोपी. आधीच्या पक्षकाराचा अर्ज उघडायचा. नावं, तारखा बदलायच्या. छापायचा. कुणी घाबरलं की ती समजावायची, आत न्यायाधीश साहेब विचारतील वाचलंय का, मान्य आहे का. मान हलवायची. काही दुखत नाही, दात काढण्यापेक्षा बरं.

स्वतःच्या घटस्फोटाचा अर्जही तिने असाच केला. भांडायचं काही उरलं नव्हतं. सात वर्षांची मुलगी ताईकडे राहणार, नवऱ्याने शनिवारी भेटायचं, असं तोंडी ठरलं होतं. ताईने सकाळच्या पक्षकाराची फाईल उघडली. छापून झाल्यावर मला म्हणाली, तू शिकलेला, एकदा नजर फिरव. मी दोन वाक्यं सुधारली. अर्थाकडे माझं लक्षच नव्हतं.

साहेबांनी विचारलं. तिने मान हलवली.

निकालाची प्रत आली. कलम सात : मुलीचा ताबा वडिलांकडे. आईने एकाआड एक शनिवारी, न्यायालयातल्या भेटीच्या खोलीत, दोन तास भेटावे. सकाळच्या पक्षकाराचं कलम जसंच्या तसं राहिलं होतं.

ती नवऱ्याकडे गेली. तो चिडला नाही, हसलाही नाही.

"टाईप तूच केलंस. मला वाटलं, तुला आता मोकळं व्हायचंय. मी तिच्यासाठी खोली रंगवून घेतली."

वकील म्हणाले, दिव्याखाली अंधार, बाई. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. दुरुस्तीचा अर्ज करा म्हणाले. मुलगी तोवर रंगवलेल्या खोलीत राहायला गेली होती.

अर्जात कारण लिहायचं होतं. शेकडो लोकांची कारणं टाईप केलेली बाई कळफलकावर बोटं ठेवून बसून राहिली. मी 'नजरचूक' सुचवलं.

"पोटच्या पोरीवरूनच जिची नजर चुकते," ती म्हणाली, "तिच्याकडे पोर कशाला द्यायची, असं विचारतील."

शेवटी तिने लिहिलं, मी वाचलं नव्हतं.

तारीख तीन महिन्यांनी लागली. साहेबांनी मुलीला एकटीला आत बोलावलं. ताई बाहेर बाकावर. मी तिच्या शेजारी. मुलगी बाहेर आली, आईपासून हातभर लांब उभी राहिली.

"आई, तू सही का केलीस?"

"वाचायचं राहिलं गं."

मुलीने थोडा विचार केला. "शाळेत आमच्या बाई तर मला सगळं दोनदा वाचायला लावतात."

ताईने मान खाली घातली. मीही.

निकाल थोडाच बदलला. शाळा आता तिकडची, म्हणून ताबा वडिलांकडेच. शनिवार-रविवार ताईच्या घरी.

आता ती प्रत्येक अर्ज पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवते. लोक कंटाळतात, घड्याळ बघतात, पलीकडच्या टेबलाकडे जातात. ती थांबत नाही. सोमवारी तिचा आवाज जरा बसलेला असतो. दोन दिवस घरात मुलीशी खूप बोलून झालेलं असतं. शुक्रवारपर्यंत तो पुन्हा अगदी स्वच्छ होतो.