मामांनी सुधारलेली माणसं

माझ्या मामांच्या फोटो स्टुडिओतून आजपर्यंत एकही कुरूप माणूस बाहेर पडलेला नाही. आत जाणारे मात्र पुष्कळ असत. धुळ्याच्या उन्हात रापलेले, देवीचे व्रण असलेले, दात पुढे आलेले, एक कान दुसऱ्यापेक्षा वर बसलेले असे सगळे जण आत जात आणि चार दिवसांनी पाकिटात स्वतःचा एक देखणा भाऊ घेऊन निघत. मी तेव्हा कॉलेजसाठी जळगावहून मामांकडे राहायला आले होते. आल्यावर आठवड्यातच मामांनी माझा बसच्या पासासाठी फोटो काढला. तो पाहून कंडक्टरने मला खाली उतरवलं. "तुमच्या बहिणीचा पास चालत नाही," तो म्हणाला.

हे काम मामा पूर्वी हाताने करत. डोळ्याला भिंग लावायचं, निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि टोकदार पेन्सिलीने त्यावर इतक्या हलक्या रेघा मारायच्या की सुरकुती आपणहून निघून गेल्यासारखी वाटावी. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी कॉम्प्युटर घेतला. त्यासोबत स्कॅनर आला, फोटो दुरुस्त करायचा एक प्रोग्राम आला आणि मामांचा जो थोडाबहुत संयम होता तो गेला. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, खोकायचं नाही, कुलरची हवा दमट म्हणून एप्रिल महिन्यातसुद्धा कुलर लावायचा नाही. मामीने मॉनिटरला पांघरायला मोरांचं भरतकाम केलेलं कापड शिवलं होतं. कुणी फ्लॉपी घेऊन आलं की मामा ती दोन बोटांत धरून विचारत, "कुठून आली? व्हायरस नाही ना?" आणि समाधान झालं नाही तर ती फ्लॉपी दिवसभर खिडकीत वेगळी ठेवत. तिला ऊन दाखवल्याने नक्की काय होणार होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या प्रोग्रामबद्दल मामांची मतं ठाम होती आणि ती ऐकायला गिऱ्हाइकाला बसावंच लागे. "पेन्सिलीत माणूस घाबरून काम करतो," ते म्हणत. "इथं चुकलं की कंट्रोल आणि झेड दाबा, चूक गेली. देवाकडं ही सोय नव्हती, म्हणून तुमचं नाक असं झालं." त्या दोन बटणांवर त्यांचा एवढा विश्वास बसला की एकदा जेवताना आमटीची वाटी मामीच्या कोऱ्या साडीवर उलटली, तेव्हा त्यांची डाव्या हाताची दोन बोटं आपोआप पाटावर दाबली गेली. "दाबा, दाबा," मामी म्हणाली, "आणि दाबून झालं की बादली आणा."

मामांना नाही म्हणणं ठाऊक नव्हतं. नगरसेवकाच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांना त्यांनी भरदार मिशी दिली आणि बजावलं, "भाऊ, सगळं जमतं. पण मतदानापर्यंत खरी वाढवा." एका कुटुंबाच्या ग्रुप फोटोत आजोबांचे डोळे मिटलेले होते. मामांनी शेजारी उभ्या असलेल्या नातवाचे डोळे उचलून आजोबांना लावले. फोटो न्यायला सगळं घर आलं. सून कितीतरी वेळ पाहत राहिली आणि सासूला म्हणाली, "मी म्हणत नव्हते का, डोळे अगदी आजोबांवर गेलेत!" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागले.

असं सगळं सुखात चाललेलं असताना एका सकाळी बोदवडहून एक केळीवाले शेतकरी त्यांच्या मुलीला घेऊन दुकानात आले. मुलगी धुळ्यात डी.एड. करत होती. स्थळांना पाठवायचा फोटो तिने आमच्याकडेच काढून घेतला होता. तिच्या हनुवटीवर लहानपणी भाजल्याचा डाग होता, बोराएवढा. फोटोत तो नव्हता. तिने तसं करायला सांगितलंही नव्हतं. मामांनी तो आपल्या मनाने, भेट म्हणून पुसला होता.

वडील खुर्चीवर बसले नाहीत. "पाहुणे आले काल पोरीले पाहाले," ते म्हणाले. "पोराच्या काकानं चहा खाली ठेवला अन् म्हने, फोटोतली पोरगी आना. शेजारपाजारचे दारात उभे होते. आमी फसवलं म्हने." मग त्यांनी मुलीला पुढे केलं. "माह्या पोरीचं तोंड तुमाले आवडलं नाही का, भाऊ?"

मामांनी ड्रॉवरमधलं जुनं भिंग काढलं, पुसलं, परत ठेवलं. "चूक मनी शे," एवढंच म्हणाले, म्हणजे चूक माझी आहे. ते एरवी गिऱ्हाइकाशी पुस्तकी बोलायचे. अहिराणी फक्त मनाला लागलं की निघे. मग त्यांनी विचारलं, "मुलगा कुठला?"

मुलगा मूळचा पिंपळनेरचा. धुळ्यातल्याच एका शाळेत क्लार्क होता. वडिलांनी नाव सांगितलं आणि मामा की-बोर्डकडे वळले. मी त्यांच्या मागे उभी होते, म्हणून पडद्यावर काय उघडलं ते मलाही दिसलं. तोच मुलगा होता. एका फाइलमध्ये दाट काळ्या केसांचा, डावीकडे भांग पाडलेला. शेजारच्या फाइलमध्ये मूळ फोटो होता. त्यात कानांच्या वर थोडी झालर सोडली तर सगळं मैदान मोकळं होतं. ते केस मामांनीच लावले होते, बहुधा त्या मिशीवाल्या उमेदवाराच्या पुतण्याचे.

मामांनी झटकन मोरांचं कापड मॉनिटरवर ओढलं.

"मुलगा काय म्हणाला?" त्यांनी मुलीला विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "खाली मान घालून बसले होते. टोपी घालून."

मला हसू आवरेना, पण मामांचा चेहरा पाहून गप्प बसले. ते कापड बाजूला सारलं असतं तर त्या वडिलांचा सगळा अपमान फिटला असता. मामांनी सारलं नाही. नंतर मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "डॉक्टरकडं आणि फोटोवाल्याकडं माणूस लाज काढून ठेवतो. ती दुसऱ्याला दाखवायची नसते." त्या वेळी त्यांनी फक्त मुलीला विचारलं, "ताई, तुझा मूळ फोटो त्याला नेऊन दाखवू का? चूक माझी आहे हे मी सांगेन."

"दाखवा," ती म्हणाली. "माझाच आहे ना तो?"

संध्याकाळी मामा मला बरोबर घेऊन त्या क्लार्कच्या खोलीवर गेले. एकट्याने गेलो तर आपण रडू, अशी त्यांना भीती होती. मुलाने दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि आधी खुंटीवरची टोपी घेऊन डोक्यावर ठेवली. मामांनी चटईवर दोन फोटो मांडले. एक तिचा, डाग असलेला. एक त्याचा, केस नसलेला.

"दोघांचे मीच बिघडवले," मामा म्हणाले. "तिला तुझं ठाऊक नाही. मी सांगणारही नाही. पण तिला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं आणि तू टोपीत बसून होतास. ते मला झोपू देणार नाही."

मुलाने तिचा फोटो उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, "काका ओरडत होते तेव्हा मला वाटलं, आता हे माझी टोपी काढतील. म्हणून गप्प बसलो." त्याचे कान लाल झाले होते. "बोदवडला गाडी किती वाजता आहे?"

रविवारी आम्ही तिघं गेलो. भुसावळपर्यंत बस, पुढे पॅसेंजर. मामा वाटेत एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे मी त्यांचं अंग गरम आहे का ते पाहिलं. मुलीच्या घरी वडिलांनी आम्हाला आत या असंही म्हटलं नाही. मुलगा ओट्याखाली उन्हात उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. "हे मी सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तुमची माफी मागायला आलोय. लग्नाचं तुम्ही ठरवा."

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. वडिलांनी डोळे वटारले. मुलगी दारात आली, तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "टोपी घाला आधी. ऊन लागेल." मग वडिलांकडे वळून, "आबा, त्यांना पाणी तरी विचारा."

लग्न वैशाखात झालं. फोटो मामांनीच काढावेत असा मुलीचा हट्ट होता, आणि एकाही फोटोला कॉम्प्युटर दाखवायचा नाही अशी अटही. मामांनी ती पाळली, पण त्यांचे फार हाल झाले. तो अल्बम आजही खानदेशातला सर्वात खरा अल्बम असेल. त्यात नवरदेवाचे काका जिलबीचा पाक कोपरावरून चाटताना आहेत.

पुढे माझं कॉलेज संपलं, मी जळगावला परतले. दोन वर्षांनी कळलं की मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ते ऑपरेशनला तयार नाहीत. "मला सगळे छान दिसतात," ते डॉक्टरांना सांगत. "तुम्हीसुद्धा." शेवटी मामीने जेवण सोडायची धमकी दिली तेव्हा झालं. पट्टी सुटली त्या दिवशी मी भेटायला गेले होते. मामा काळा चष्मा लावून खिडकीशी बसले होते. मामीने ट्रेमधून चहा आणून कप खिडकीत ठेवले. मामांनी चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि तिच्याकडे पाहतच राहिले.

"तुझ्या गालावर ह्या रेघा कधी आल्या?"

"येतच होत्या," मामी म्हणाली. "तुम्ही लोकांच्या पुसत होतात."

मामांनी हात वर केला आणि एक बोट अगदी हलकं, पेन्सिल धरल्यासारखं, तिच्या गालावरून त्या रेघांच्या कडेकडेने फिरवलं. मामी साठीच्या घरात आलेली बाई. पण तिने मान खाली घातली. मी रिकामा ट्रे उचलून आत निघून गेले.