समासातल्या खुणांचं पुस्तक

लेक पहिल्यांदाच परदेशी निघाली होती, तीही एकटी. विमान रात्री आठला उतरणार आणि पहिल्या रात्री मुक्काम कुठे, याचा पत्ता नाही. इंटरनेटवरचे अभिप्राय मी मानत नाही; कोण लिहितं, कोण लिहवून घेतं, देव जाणे. "मग तूच एखादं प्रवासाचं पुस्तक शोध," असं म्हणून तिने अंग काढून घेतलं.

टपाल कचेरीमागच्या गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. मालकाला सगळे खोडरबर म्हणतात. साठी उलटलेले हे गृहस्थ दिवसभर दारातल्या स्टुलावर बसून पुस्तकांच्या पहिल्या पानावरची जुन्या मालकांची नावं खोडत असतात. खोडायचं, फुंकर मारायची, पुढचं घ्यायचं. शर्टावर कायम रबराचा चुरा.

त्यांनी माझ्यासमोर दोन पुस्तकं ठेवली. एक कोरं, गुळगुळीत, यंदाच्या आवृत्तीचं. दुसरं चार वर्षांपूर्वीचं. पाठीला चिकटपट्टी आणि पानोपानी समासात पेन्सिलीची गिचमिड.

"हे न्या," जुन्यावर बोट ठेवून ते म्हणाले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. "नव्यात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही, ताई. मुखपृष्ठ नवीन आहे."

"आणि आतलं?"

"तुम्हीच बघा. दोन्ही न्या, नको ते उद्या आणून द्या." त्यांनी पुस्तकांची नावं आणि माझा फोन नंबर दोन चिठ्ठ्यांवर उतरवला आणि त्यातली एक चिठ्ठी मला दिली. अनामत नाही, काही नाही. एवढा चांगुलपणा पाहून मी आणखीच सावध झाले.

घरी जेवणाच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी उघडली आणि पट्टी धरून ओळ न् ओळ ताडून पाहिली.

"आई, पेपर तपासतेयस का?" लेक म्हणाली. "किती मार्क दिलेस?"

"दोघांनी एकमेकांची कॉपी केलीय."

खरंच, शब्दाला शब्द तोच. स्टेशनजवळच्या बायकांच्या वसतिगृहाचा नंबरसुद्धा तोच. जुन्यात मात्र त्या नंबरावर काट मारून शेजारी दुसरा लिहिला होता आणि खाली: "दार दहाला बंद."

मला ते अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. चिठ्ठी काढली. तोच वाकड्या शेपटीचा नऊ! मग मोजायलाच बसले. चौदा खुणा त्याच हातच्या. म्हणजे हे महाशय दुकानात बसून स्वतःच खुणा करतात आणि माझ्यासारख्या आयांना जुना माल खपवतात तर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन नवं पुस्तक परत केलं आणि जुन्यातलं वसतिगृहाचं पान त्यांच्यापुढे धरलं. "हे अक्षर तुमचं आहे."

"हो," मान वर न करता ते म्हणाले. "काही माझं, काही लोकांचं."

"तुम्ही गेला होतात तिथे?"

"मी? मला साधी बस लागते, ताई."

मग हळूहळू सांगितलं. बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. एकदा अशाच एका पुस्तकातले चुकलेले पत्ते दाखवले, तर साहेब म्हणाले, साल बदला आणि छापा. नोकरी सुटली, सवय राहिली. प्रवासाचं पुस्तक नेणाऱ्याला त्यांची एकच अट: परत आलात की पुस्तक आणून द्या आणि त्यातल्या चुका सांगा. कुणी लिहून आणतं, कुणी उभ्या उभ्या बोलून जातं. ते बोललेलं हे समासात उतरवतात.

गोष्ट छान होती. छान गोष्टींवर माझा सगळ्यात कमी विश्वास.

"आत्ता इथूनच फोन लावते," मी म्हटलं. त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

छापील नंबर बंद होता. पेन्सिलीचा बराच वेळ वाजला, मग एका म्हातारीने उचलला. क्षणभर वाटलं, ही यांचीच कुणी बहीणबिहीण तर नसेल? माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "मुलगी किती वाजता पोचेल?" साडेदहा होतील म्हटल्यावर तिने दार दहाला बंद होतं हे सांगितलं. मग म्हणाली, आधी कळवलंत म्हणून अकरापर्यंत जागी राहीन. लेकीचं नाव तिने अक्षर न् अक्षर विचारून लिहून घेतलं.

मी फोन ठेवला तोवर खोडरबरांच्या हातात पेन्सिल होती.

"आधी कळवलं तर अकरा?"

"अकरा."

समासात त्यांनी ते लिहिलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "लेक आली की पाठवा. चुका घेऊन."

घरी आल्यावर मी पहिलं पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरून पाहिलं. नाव खोडलेलं होतं, पण पेन्सिलीचा दाब कागदात उरला होता. आधी नेणारीही बाईच होती, एवढं लागलं. ती धड परत आली होती, त्याशिवाय पुस्तक दुकानात कसं आलं असतं? तेवढ्यावर मी लेकीची बॅग भरायला घेतली.