गुणाचा हात

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी माझा उजवा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नाही. माझी बोटं एकत्र आवळून बघितली, मनगट चिमटीत धरून बघितलं. आमच्या आईला वाटलं, पाटल्यांचं माप घेतायत. बिचारी केवढी खूश झाली. पाटल्या कसल्या आणि काय. त्या बाईनं माझ्यात नेमकं काय हेरलं होतं ते लग्नानंतर कळलं, आणि तेव्हा बोलून काही उपयोग नव्हता.

सासरचं घर म्हणजे जनावरांचा दवाखाना. परंडा तालुक्यात, सोनारीच्या थोडं अलीकडं. सासरे निजामाच्या अमलात सलोतरी होते, म्हणजे गुरांचे डॉक्टर. राज्य बदललं, त्यांनी नोकरी सोडली आणि घराच्या अंगणातच खोडा रोवला. खोडा म्हणजे जनावर हलू नये म्हणून त्याला उभं करून बांधायची लाकडी चौकट. दिवस उजाडला की खोड्याशी गुरं उभी. सासरे तपासायचे, आमचे हे बैलांना नाला ठोकायचे, फुगलेल्या म्हशीच्या कुशीत नळी घालून वारा काढायचे. सासूबाई सुंठ, ओवा, काळं मीठ कुटून पुड्या बांधायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. आणि मी काय करायची? तेच तर सांगतेय.

शेळी अडली, मेंढी अडली, पहिल्या वेताची लहानखुरी गाय अडली, की आत हात घालून पिल्लू वळवावं लागतं. मामंजींचा पंजा फावड्याएवढा. ह्यांचा त्याहून मोठा. ते काम इतकी वर्षं आत्याबाई करत आल्या होत्या, पण संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. घरात बारीक हाताची बाई पाहिजे होती. तर ती त्यांनी आणली. पोरगी बघायला गेले होते का अवजार आणायला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

लग्नाला महिनाही झाला नसेल, एका धनगराची शेळी आली. आत्याबाईंनी माझ्या हाताला कोपरापर्यंत गोडं तेल चोळलं आणि म्हणाल्या, "भिऊ नको. डोळं मीट. आत गेलं की हाताला आपूआप दिसतंय." मी डोळे मिटले. मान मागं मुरगळलेली होती, ती हाताला लागली, सरळ केली, पुढचे दोन पाय धरले. करडू बाहेर आलं आणि शिंकलं. धनगर मामंजींच्या पाया पडला आणि मग माझ्याही पाया पडायला लागला. म्हणाला, "लई गुणाचा हात हाय सूनबाईचा." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार आनंद झाला. ते मेलं करडू तेव्हा नीट आलं नसतं तर माझी सुटका झाली असती, असं पुढं कितीदा तरी मनात आलं.

कारण त्यानंतर पंचक्रोशीतली अडलेली प्रत्येक शेळी माझी झाली. जेवायला बसावं, तर दारात बैलगाडी. डोक्यावरून पाणी घ्यावं, तर अंगणातून हाक. ताटावरून उठायचं, न्हाणीतून ओल्या केसांनी यायचं. मामंजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माणसाला थांब म्हणता येतंय पोरी, जनावराला कसं म्हणायचं?" ते कधी ओरडले नाहीत, कधी टाकून बोलले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते. मी तशी गप्प बसणारी नव्हे. पण एवढ्या गोड बोलण्यापुढं भांडायचं कसं हेच मला कुणी शिकवलं नव्हतं. ह्यांना काही सांगावं तर हे म्हणायचे, "बघू." आमचा सगळा संसार त्या 'बघू'वर झाला.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. माझं माहेर जळकोट, तुळजापूरच्या पुढं, हमरस्त्यावरचं गाव. मी मनातल्या मनात महिने मोजत होते. मला तिकडं जाऊन काही करायचं नव्हतं. मला फक्त निजायचं होतं. आई उठ म्हणेपर्यंत निजायचं, आणि आई उठ म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. काही दिवस मला कुणाचा हात व्हायचं नव्हतं, लेक व्हायचं होतं. एवढंच मागणं होतं माझं.

सातव्या महिन्यात माझे वडील न्यायला आले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. शेतकरी माणूस, पण बोलायला मोठे हौशी. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाची सोयरीक काढल्याशिवाय उतरायचे नाहीत. मामंजींनी त्यांना पाट दिला, चहा दिला आणि म्हणाले, "न्या की. लेक तुमचीच हाय. आमी कोण न्हाय म्हणणार." माझं गाठोडं बांधून तयार होतं. इतक्यात पहिल्या वेताची एक गाय आली. पाय बाहेर, डोकं आत. मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढी मोकळी करून जा."

मी पदर खोचला. दादा खोड्याजवळ उभे राहून बघत होते. माझं पोट पुढं आलेलं, गाईच्या मागं नीट उभंही राहता येत नव्हतं. मला वाटलं, आता दादा म्हणतील, पुरे झालं, पोरीला सोडा. मी वासराचं डोकं वळवलं, ह्यांनी दोरी ओढली, वासरू खाली आलं. मी मान वर करून दादांकडं बघितलं तर त्यांचा चेहरा नुसता फुललेला. जत्रेत आपल्याच बैलानं शर्यत मारावी तसे ते चारी बाजूंनी बघत होते, कोण कोण बघतंय ते.

मग मामंजींनी हळूच विषय काढला. वेताचे दिवस आहेत, अजून चार-दोन गाई आज-उद्यावर आहेत, आठवा लागला की पाठवतो. दादा म्हणाले, "व्हय व्हय, बरोबर हाय तुमचं. मुक्या जनावराचा पर्शन हाय." आणि एकटेच परत गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, लई गुणाचा हात हाय तुझा." मला तेव्हा नुसतं रडू आलं. राग यायला पाहिजे होता.

आठवा महिना गेला. रोज कुणी ना कुणी आज-उद्यावर असायचंच. नाही असं कुणीच म्हणत नव्हतं, आणि 'जा' असंही कुणी म्हणत नव्हतं. माझे पाय सुजले. रात्री कूस बदलताना ह्यांना उठवावं लागायचं. एकदा मी आत्याबाईंना विचारलं, "तुमचं पहिलं बाळंतपण कुठं झालं?" त्या पुड्या बांधत होत्या. मान खाली घालूनच म्हणाल्या, "हितंच. शेवटचं बी हितंच." आणि पुढची पुडी घेतली. त्यांना मी त्याआधी कधी माझ्यासारखं समजले नव्हते.

नववा लागला तेव्हा दादा परत आले. या वेळी आईनं बजावून पाठवलं होतं, मोकळ्या हातानं याल तर घरात घेणार नाही. मी कुणाला काही विचारलं नाही. मामंजींच्या पाया पडले, आत्याबाईंच्या पाया पडले आणि एसटीच्या फाट्यापर्यंत नेणाऱ्या गाडीत जाऊन बसले. समोरून एक माणूस गाय घेऊन येताना दिसला. गाय दोन पावलं टाकायची आणि थांबायची, तिचं काय झालंय ते मला लांबूनच कळलं. मी डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग घेतलं. मामंजींची पावलं गाडीशी येऊन थांबली. मग आत्याबाईंचा आवाज आला, "हाणा गाडी." त्या गाईचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि मला त्याची खंतही नाही.

परंडा, मग धाराशिव, मग तुळजापूर, मग जळकोट. गाड्या बदलून बदलून जीव मेटाकुटीला आला, पण मी मनातून हसत होते. दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझे हात धरले. धरले आणि एकदम दचकली. माझ्या डाव्या हातात बांगड्या होत्या, उजवा मोकळा. नुसता काळा दोरा. जनावर आलं की सारखं काढा-घाला करण्यापेक्षा सासरी तो तसाच राहू दिला होता, आणि मला त्यात काही वाटेनासं झालं होतं. आई म्हणाली, "अगं बाई, सवाष्णीचा हात का ह्यो?" दुसऱ्या दिवशी तिनं कासाराला घरी बोलावलं आणि उजवा हात हिरव्या चुड्यानं गच्च भरला. म्हणाली, "आता हितं कुणी तुला काढ म्हणत न्हाय."

मग मी निजले. काय निजले म्हणून सांगू. उठायची, धपाटं आणि दही खायची, पुन्हा निजायची. कूस बदलली की बांगड्या वाजायच्या, तो आवाज ऐकत पडायची. फिनेलचा वास अंगाचा गेला. आई केसांना तेल लावायची. चार दिवस असे गेले की मला वाटलं, जन्माचं सुख झालं.

पाचव्या की सहाव्या दिवशी अंगणात कुणीतरी पुरुष बोलल्याचा आवाज आला. नळदुर्गाकडून शेळी घेऊन आला होता. आई बाहेर गेली आणि तिनं ठणकावून सांगितलं, "बाळातपणाला आल्याली लेक हाय. हितं दवाखाना न्हाय. जावा घरी." मी आत पडून ऐकत होते. आईचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता. तो माणूस जाताना म्हणाला, "तुमच्या मालकांनीच सांगितलं व्हतं, वयनी, फाट्यावर. म्हून आलो." तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. दादा गेले दोन महिने एसटीच्या थांब्यावर, पारावर, बाजारात, भेटेल त्याला सांगत होते. आमच्या पोरीचा हात. आमच्या पोरीनं आमच्या डोळ्यादेखत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची काकू आली. तिनं शेळी स्वतःच्या हातांनी उचलून आणली होती. मी जन्मले तेव्हा आईला दूध नव्हतं, या काकूच्या घरच्या शेळीच्या दुधावर मी वाढले होते. ही त्याच वेलीतली शेळी. काकूनं काही मागितलं नाही. शेळी खाली ठेवून ती ओट्याला टेकून बसली. दादा अंगणात येरझारा घालत होते आणि आईकडं बघत होते. शेळी कळा देत होती, आणि किती वेळ उरलाय ते मला तिच्या ओरडण्यावरूनच समजत होतं.

मी उठले नाही. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला वाटत होतं, आई कालच्यासारखी बोलेल. तिनं फक्त एकदा नाही म्हणावं. मी जन्मभर तिचे उपकार मानले असते.

आई आत आली. तिच्या हातात तेलाची वाटी होती. ती माझ्या उशाशी बसली, माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तेल लावून एकेक बांगडी उतरवायला लागली. ती रडत होती. मी हात मागं ओढला, तिनं परत घेतला. "तिचं दूध हाय गं तुझ्या अंगात," एवढंच म्हणाली. तिनं शेवटची बांगडी काढली तेव्हा मी उठले, बाहेर गेले आणि पोट सावरत शेळीमागं बसले.

दोन करडं झाली. दोन्ही जगली. काकूनं माझी दृष्ट काढली, दादांनी सगळ्यांना चहा पाजला. त्यानंतर कुणाला नाही म्हणायचं आणि कोणत्या तोंडानं? दुसऱ्या दिवसापासून अंगणात जनावरं यायला लागली. मी बाळंत झाले त्या दिवशीसुद्धा सकाळी एक मेंढी मोकळी केली होती. मुलगा झाला. पाचवी झाली, बारसं झालं.

बाळ महिन्याचंही झालं नव्हतं, तेव्हा मी दादांना म्हटलं, मला सासरी पोचवून द्या. दादांना काही कळेना. म्हणाले, हे काय मध्येच? आई चुलीपुढून उठून आली. "सव्वा महिना तर हू दे. तितं तुला कोण निजू देणार हाय?"

"तिकडं न्हाई निजू देत, ते मला ठाऊकच हाय," मी म्हटलं. "हितं निजू देशील असं वाटलं होतं."

आईनं खाली बसून बाळाची दुपटी घडी घालायला घेतली.